ओढा, विहीर आणि खोलवट

सांगली
६ जुलै २०२५

दादा,

नमस्कार वगैरे पुढच्या पत्रात. आज रागात आहे.

तू फोन उचलत नाहीस. मेसेज वाचतोस, निळ्या टिका दिसतात, आणि वर मौन. म्हणून पत्र. न वाचता टाकायचं झालं तरी पत्र आधी हातात घ्यावं लागतं. आणि कोरेगावच्या तुझ्या ठिबकच्या दुकानात ते वहिनींच्या हाती लागलं तर आणखी बरं. त्या उघडल्याशिवाय राहणार नाहीत.

कामाचं सांगते. आपल्या मळ्याभोवती जी वसाहत उठली आहे, तिथं पावसाचं पाणी तुंबतं हे तुला माहीत आहे. ते पाणी कुठं न्यायचं याचा अभ्यास आमच्या ऑफिसकडं आलाय. पाणी नुसतं काढायचं असतं तर एक पंप आणि चार माणसं पुरली असती. आम्हाला सांगायचंय की कुठल्या उपायानं नदीचं काय होईल, ओढ्याचं काय, जमिनीखालच्या पाण्याचं काय, आणि खालच्या गल्लीतल्या माणसांचं काय. उपाय तीन आहेत. पहिला: ओढाच बुजवून त्या जागी मोठी बंदिस्त पाइप, सगळं पाणी थेट नदीत. दुसरा: चौकाचौकात बोअर मारून रस्त्याचं पाणी जमिनीत सोडायचं. तिसरा: पाणी एका खोलगट जागी थांबवायचं, गाळ बसू द्यायचा, आणि हळूहळू पुढं सोडायचं.

ती खोलगट जागा म्हणजे आपली खोलवट. आजोबांच्या काळात वीटभट्टीवाल्यांनी माती उचलून नेली आणि मुरूम उघडा पडला, तीच. वाटणीत ती तुझ्या नावावर आली. आणि मी ऐकते की तू तिच्यात भराव टाकायला डंपर ठरवलेस. गोदाम बांधणार म्हणे.

आता खरं कारण. यात आप्पांची विहीर अडकली आहे. आई गेल्यावर आप्पांनी नियम घेतलाय तो तुला ठाऊक आहे: दोरानं शेंदलेलं आणि गाळलेलं विहिरीचं पाणी, दुसरं नाही. नळाला चामड्याचा वायसर असतो हे त्यांच्या डोक्यात बसलंय. आता प्लॅस्टिकचा असतो म्हणून मी वायसर खोलून हातात ठेवला. उलटासुलटा बघितला, म्हणाले, "ह्यो आत्ताचा. आदीचं पानी कशातनं आलंय कुनी बघितलंय?" या नियमापायी ते कुणाच्या लग्नालासुद्धा जात नाहीत. विहीर आटली किंवा बिघडली तर हा माणूस काय पिणार, हे मला खरंच माहीत नाही. चुकीचा उपाय निवडला गेला तर ती आटेल किंवा बिघडेल, एवढं मात्र माहीत आहे.

तू म्हणशील, मी चार वर्षांपूर्वी विहीर बुजवायला सांगत होतो तेव्हाच बुजवली असती तर प्रश्नच नव्हता. म्हण. पण एक ऐक. तुझी राजुल त्या दिवशी काठावर वाकली होती आणि तू घाबरलास, हे मला तेव्हाही कळत होतं. "तुमाला नात मोठी का हिर मोठी?" असं तू विचारलंस आणि आप्पा गप्प बसले. तू ते गप्प बसणं उत्तर समजून कोरेगावला निघून गेलास. त्याच आठवड्यात आप्पांनी गवंडी बोलावून कठडा बांधून घेतला. माझ्या छातीएवढा आहे. तुला कुणी सांगितलं नसेल, कारण तू कुणाला विचारलं नसशील.

डंपर थांबव. निदान आमचा अभ्यास होईपर्यंत.

श्रद्धा


सांगली
२० जुलै

दादा,

डंपर आले नाहीत. हे तू केलंस की डंपरवाल्याचं इंजिन बिघडलं ते माहीत नाही. मी तुझ्या नावावर जमा धरलंय.

ऑफिसात मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की आमचं घर, विहीर आणि भावाची जमीन याच भागात आहे. आमचे धैर्यशील सर आधी फौजेत इंजिनिअर होते, घर कराडजवळ मलकापुरात. मिशी अजून ड्युटीवर असल्यासारखी. ते म्हणाले, "माप तू घे, पर उपायांना गुण द्यायच्या वक्ताला तू बाहेर. समजलं?" समजलं. म्हणून सध्या मी मापं घेते. भर पावसात रस्त्यावर बाटल्या धरून उभी असते. बायका विचारतात, "बाई, गटाराचं पानी कशाला भरून न्हेतीयास?"

त्या बाटल्यांत काय असतं ते सांगते, पण जेवण झाल्यावरच वाच. गाड्यांचं ऑइल, टायरची भुकटी, कुत्र्यांची घाण, गुटख्याच्या पुड्या. पहिल्या तासाचं पाणी सगळ्यात घाणेरडं. बोअरचा उपाय लोकांना फार आवडतो, कारण 'पाणी जिरवा' हे सगळ्यांना पाठ आहे. पण हे पाणी न गाळता थेट जमिनीत सोडायचं म्हणजे सगळ्यांच्या विहिरींत आपण होऊन घाण ओतायची. मोठ्या पाइपची आणखी गंमत. ऑगस्टात कृष्णा फुगली की पाइपचं तोंड पाण्याखाली जातं. मग ती पाइप आपलं पाणी नदीत नेत नाही, नदीला आपल्या दारात आणते. खालच्या गल्लीतल्या बनुबाई आठवतात? आपल्याकडं दूध न्यायला यायच्या. त्यांना मी हे समजावलं तर म्हणाल्या, "तुमी कायबी करा. माज्या उंबऱ्यात चूल तरंगली न्हाई पायजे."

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहितेय ते. मला शोध लागलाय! आपल्या विहिरीत मोहरीएवढ्या चपट्या गोगलगाई सापडल्या. तशाच गोगलगाई ओढ्याच्या डोहात आहेत आणि आसपासच्या दुसऱ्या एकाही विहिरीत नाहीत. म्हणजे ओढा आणि आपली विहीर आतून जोडलेली आहेत. म्हणजे ओढा बुजवून पाइप टाकली की विहीर आटणार. पाइपचा उपाय इथंच मागं पडतो, आणि तळ्याचा पुढं येतो. कच्च्या अहवालात हे गेलंसुद्धा. सरांनी पाठ थोपटली. खांदा अजून दुखतोय.

तुला ही बातमी गोड लागणार नाही, कारण तळं म्हणजे तुझी खोलवट. पण मला आनंद झालाय आणि तो लपवणार नाही.

वहिनींना नमस्कार. राजुलला पापा.

श्रद्धा


सांगली
३ ऑगस्ट

दादा,

शोध वगैरे विसर. मी गाढव आहे.

आज रविवार. सकाळी गोठ्याकडं गेले तर आप्पा म्हशीसाठी पाणी गाळत होते. ओढ्यावरच्या मोटारीनं टाकी भरते, त्या टाकीतलं. म्हशीलासुद्धा गाळून पाजतात, हे तुला नवीन नाही. गाळून झाल्यावर फडकं उलटं करून त्यांनी ते बुडाला कडी असलेल्या त्या छोट्या बादलीत जपून खळखळलं, बादली घेतली आणि चालायला लागले. मी मनात म्हटलं, आता हे ओढ्याकडं वळतील. तर गेले विहिरीकडं. बादली सावकाश पाण्याला टेकवली, कडीचा दोर ओढून उलटी केली, हात जोडले.

मी मागोमाग विहिरीपाशी गेले.

फडक्यात अडकलेले जीव म्हणजे जिवाणी. ती ज्या पाण्यातली त्याच पाण्यात परत सोडायची. विहिरीची विहिरीत, ओढ्याची ओढ्यात. हे आपल्याला बाराखडीच्या आधी शिकवलंय. आणि आप्पा, ज्यांनी हे शिकवलं ते आप्पा, ओढ्याची जिवाणी विहिरीत सोडत होते.

मी विचारलं, "आप्पा, ही ओढ्याची ना?"

त्यांनी बादली वर ओढून घेतली. मग म्हणाले, "व्हय."

"मग इथं का?"

"काठ उतरवत न्हाई आता. गुडघं धरत्यात. दोनदा घसारलो." फडकं पिळत होते, माझ्याकडं बघत नव्हते. "फेकून कसं द्यायचं? जीव हायती ती. म्हटलं, पानी ते पानी. जगतील."

"मला सांगायचं की!"

"तू हापिसात. आन तुला काय सांगायचं, नियम मोडतोय म्हून?"

कधीपासून, असं विचारायची गरज नव्हती. ते काम तुझं होतं, दादा. तू बादली घेऊन धाड धाड काठ उतरायचास, परत येताना खिशात बोरं असायची. तू गेल्यावर ते काम कुणाचं झालं हा प्रश्न आम्हाला कुणाला पडलाच नाही. आप्पांनी कुणाला सांगितलं नाही आणि मी कधी बघितलं नाही. एका घरात राहून.

तर गोगलगाई ओढ्यातून जमिनीखालून आलेल्या नाहीत. आप्पांच्या बादलीतून आल्यात. माझा शोध म्हणजे आप्पांचे गुडघे.

आता माझी पंचाईत बघ. हे फक्त आप्पांना आणि मला माहीत आहे. अहवालात गोगलगाई तशाच राहिल्या तर पाइपचा उपाय मागं पडलेला आहे, ओढा वाचतो, बनुबाईंची चूल वाचते. पाइप वाईट आहे हे मला दुसऱ्या कारणांनीही माहीत आहे. मग खोट्या कारणानं खरी गोष्ट झाली तर कुणाचं बिघडलं? आज दिवसभर मी हेच घोळवत बसले. चांगलं वाटलं म्हणून घोळवलं, हेही सांगते.

पण कुणी विचारलंच, की बाई, तुमच्या विहिरीत गोगलगाई आल्या कुठून, तर मी काय तोंड दाखवू? आणि ओढा-विहीर जोडलेली नसतील, तर तू तुझ्या जमिनीत काय करावंस हे तुला सांगायचा मला काय हक्क? तुला फसवून तुझी जमीन घ्यायची नाही मला. भांडून घेईन एक वेळ.

उद्या सरांना सांगणार आहे.

श्रद्धा


सांगली
१२ ऑगस्ट

दादा,

सांगितलं. सर आधी हसले, मग खूप हसले, मग मिशी सावरून म्हणाले, "गोगलगाय कॅन्सल. वो पन्ना फाड दो." कच्चा अहवाल ज्यांच्या ज्यांच्याकडं गेला होता त्यांना दुरुस्ती पाठवली, खाली माझी सही. ऑफिसात आता मला कुणी श्रद्धा म्हणत नाही. काय म्हणतात ते तू ओळख.

पण हसून झाल्यावर सरांनी एक प्रश्न विचारला, तो मी आधीच विचारायला हवा होता. "ओढ्यातून येत नसंल, तर तुमच्या विहिरीत पानी येतंय कुठनं?"

सरांनी आधी मीठ सुचवलं. एका जागी मीठ सोडायचं, विहिरीतलं पाणी किती खारावतं ते मीटरवर बघायचं. आप्पांना विचारायला गेले तर भडकलेच. "मिठानं जीव मरत न्हाईत व्हय? एक विहीर बघाय दुसऱ्या पान्यातलं जीव मारायचं?" शेवटी पुण्याहून तपासणीचा रंग मागवला. जीवांना त्रास न होणारा, आणि इतका पातळ की डोळ्याला दिसत नाही, फक्त यंत्राला कळतो. आप्पांनी डबी हुंगून परवानगी दिली.

रंग असेपर्यंत ते आपल्या विहिरीचं पिणार नाहीत. म्हणजे गावातल्या जैन बस्तीच्या, देवळातल्या विहिरीचं पाणी रोज दोन वेळा शेंदून आणायचं. कोण आणणार ते विचारू नकोस. कंबर मोडलीय माझी.

आणि हो. ओढ्याची जिवाणी आता मी नेते. पहिल्या दिवशी घसरून पडले. आप्पा वरून ओरडत होते, "हळू गं, बादली संबाळ!" मला नाही, बादलीला.

श्रद्धा


सांगली
२४ ऑगस्ट

दादा,

ओढ्यात रंग सोडला. विहिरीत काही नाही. थांबलो, पुन्हा बघितलं, काही नाही. म्हणजे ओढ्याचा आणि विहिरीचा संबंध नाही. माझी चूक आता यंत्रानंही सांगितली.

मग खोलवटीत साठलेल्या पाण्यात रंग सोडला. तुला न विचारता तुझ्या जमिनीत गेले, त्याबद्दल काय म्हणायचंय ते म्हण. चौथ्या दिवशी सकाळी विहिरीचा नमुना यंत्रात घातला आणि काटा हलला. सर म्हणाले, पुन्हा. पुन्हा घातला, पुन्हा हलला. दुपारी आणखी वर.

दादा, आपल्या विहिरीला पाणी तुझ्या खोलवटीतून येतं. आजोबांनी माती विकली, मुरूम उघडा पडला, आणि त्या मुरमातून पाणी झिरपून विहिरीला मिळत राहिलं. इतकी वर्षं आपण त्या जमिनीला पडीक म्हणून शिव्या देत होतो.

आता याचा अर्थ दोन्हीकडून लाव. तू भराव टाकून वर फरशी केलीस, तर विहीर आटते. हे मला तुला सांगणं भाग होतं. पण माझं ऐकून तळं केलं असं समज, आणि वसाहतीचं ते ऑइलचं पाणी सरळ खोलवटीत घेतलं, तर तेच चौथ्या दिवशी आप्पांच्या बादलीत येणार. म्हणजे मी ज्या उपायासाठी नाचत होते, तोच जसाच्या तसा केला असता तर आप्पांची विहीर मीच नासवली असती. गोगलगाई खऱ्या निघाल्या असत्या तर ही गोष्ट कुणी तपासलीच नसती. परवापासून मला या विचारानं नीट जेवण जात नाही.

मार्ग आहे. पाणी खोलवटीत येण्याआधी एक गाळकुंड. पहिल्या तासाचं घाणेरडं पाणी तिथं अडवायचं, तेल वर राहतं, गाळ खाली बसतो. मग गवताच्या रुंद पट्ट्यातून, वाळ्यासारख्या दाट मुळांच्या गवतातून, ते संथ पुढं न्यायचं. मगच खोलवट. जास्तीचं ओढ्यात, हळूहळू. मी आप्पांना काठीनं मातीत काढून दाखवलं. बघत बसले. म्हणाले, "म्हंजे साऱ्या वसाहतीचं पानी गाळायचं म्हन की." मग थोड्या वेळानं, "फडकं लय मोठं लागंल."

तुझी आठवण काढतात असं लिहिलं तर तुला खोटं वाटेल. नावानं काढत नाहीत. पण मोटार बिघडली की म्हणतात, "ज्येला कळत हुतं त्यो गेला."

श्रद्धा


सांगली
१४ सप्टेंबर

दादा,

काल वहिनींचा फोन आला. एवढंच म्हणाल्या, "पत्रं येतात. ते दोनदा वाचतात. मी सांगितलं असं सांगू नका." मी तुला सांगितलेलं नाही.

दोनदा वाचतोस हे कळल्यावर आता जपून लिहायला हवं, पण मला ते जमत नाही.

जनसुनावणी अठ्ठावीसला, वसाहतीतल्या शाळेच्या हॉलमध्ये. तीनही उपाय लोकांपुढं मांडणार. गुण सरांनी आणि बाहेरच्या दोघांनी दिलेत, मी खोलीबाहेर चहा पीत होते. तळ्याचा उपाय पहिला आला, पण गाळकुंड असेल तरच. मालकाची संमती नसेल तर तो यादीतून जातो. मग पाइप.

मी तुझ्याकडं सही मागत नाही. मागायची ठरवलं होतं, खोटं कशाला बोलू? पण लिहिता लिहिता जाणवलं की मला तुला तोटेही सांगायला हवेत, आणि ते सांगून झाल्यावर सही मागायला तोंड राहत नाही. पावसाळाभर तुला ती जमीन वापरता येणार नाही. गाळ दरवर्षी काढला नाही तर वास येईल. डास होतील, मासे सोडतात, पण कुणी लक्ष दिलं नाही तर मासेही काही करत नाहीत. गोदाम होणार नाही. मोबदला मिळेल, पण गोदामाइतका नाही. आणि सगळ्यात मोठा तोटा हा की 'बघतो बघतो' करत पाच वर्षांनी सगळे विसरतात, आणि तळ्याचा उकिरडा होतो. असे उकिरडे मी पाहिलेत. म्हणून तळ्यावर नजर ठेवणारं माणूस हवं, ज्याला पाणी कळतं आणि ज्याची जीभ तिखट आहे. असा माणूस माझ्या ओळखीचा आहे. तो कोरेगावात ठिबकच्या नळ्या विकतो.

सुनावणीत गोगलगाईंची गोष्ट मी स्वतः सांगणार आहे, कुणी उकरून काढायच्या आधी. आप्पांना विचारलं, तुमचं नाव घेऊ का. म्हणाले, "घे की. खरं हाय ते."

तू यावंस असं मला वाटतं. तू आला नाहीस तर मी समजून घेईन असं लिहायला हवं, पण नाही घेणार. चिडेन.

श्रद्धा


सांगली
२९ सप्टेंबर

दादा,

तू पॅसेंजर पकडायला धावलास, तेव्हा पुढं काय झालं ते तुला माहीत नाही. म्हणून हे पत्र. पण आधी मला माझ्या बाजूनं कालचं सगळं सांगू दे, मला त्याशिवाय चैन पडणार नाही.

तू मागं दाराशी उभा होतास हे मला दिसलं नव्हतं. मी गोगलगाईंचं सांगत होते. लोक हसत होते. कुणीतरी म्हणालं, "बाईंचं घर तितंच हाय, बाई काय खरं सांगनार!" तेवढ्यात आप्पा उठले. पुढच्या रांगेत, खुर्चीचा हात धरून. "चूक माजी हाय. तिची न्हाई. गुडघं धरत्यात म्हून म्या ओढ्याचं हिरीत सोडलं. तिनं सांगितलं नसतं तर कुनाला कळलं बी नसतं." सर ती मिशी चावत होते.

आणि मागून तुझा आवाज.

"मी सम्मेद. खोलवट माज्या नावावर हाय. माजी हरकत हाय."

दादा, मी तुझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. आप्पांकडं बघत होते. त्यांनी मान वळवली नाही, पण खुर्चीवरचा हात घट्ट झाला.

"तळं करा. पर आदी गाळकुंड बांधा, मग तळं. आदी तळं आन 'गाळकुंड बघू फुडच्या साली' असलं चालनार न्हाई. माज्या बापाच्या हिरीत घान गेली तर मी तळं फोडीन. लिवा."

सरांनी लिहिलं. तू थांबलास. मला वाटलं, संपलं.

"आन एक. ओढ्यात उतराय पायऱ्या पायजेत. म्हातारं मानूस उतरंल अशा. धरायला दांडा. त्या झाल्याबिगर सही न्हाई."

कुणाला काही कळलं नाही. बनुबाई शेजारणीला विचारत होत्या, "ओढ्यात कशाला उतरायचंय ह्याला?" सर म्हणाले, "मंजुरी वरच्यांची, पर नोट केलं." मला मात्र पुढचा हॉल धूसर दिसायला लागला. मला रडू आलं होतं आणि मी रडले. अहवाल हातात धरून, सगळ्यांसमोर. त्याचं काही वाटत नाही.

मग सभा संपली, लोक उठले, आणि तू आप्पांसमोर येऊन उभा राहिलास. मी लांबून बघत होते. तुम्ही दोघं काही बोलाल म्हणून थांबले होते. आप्पा म्हणाले, "गाडी कितीची?" तू म्हणालास, "आत्ताचीच हाय." एवढंच. चार वर्षांनी! तू वाकून पायाला हात लावलास आणि निघालास. मला तुम्हा दोघांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं.

आता पुढचं.

घरी आलो. आप्पा जेवले नाहीत, ओसरीवर बसले. मी म्हटलं, विश्रांती घ्या. म्हणाले, "पोचला असंल का त्यो?" मी वेळ सांगितली. पुन्हा थोड्या वेळानं, "जागा मिळाली असंल का बसाय?" मग मीच तुझ्या घरी फोन लावला, वहिनींना विचारून सांगितलं की पोचलास. तेव्हा कुठं उठले.

आज सकाळी मी चहा घेत होते. आप्पा दोराचं वेटोळं उलगडून अंगणात पसरत होते. हा आपला मोठा दोर, विहिरीचा. मला वाटलं कुठं झिजलाय म्हणून बघतायत. हात-हात मोजत पुढं गेले, मध्येच थांबले, माझ्याकडं न बघता म्हणाले, "कोरेगावात त्येच्या घराजवळ हीर हाय का गं?"

मी कप खाली ठेवला.

"शेंदायची हीर. मोटारीची न्हाई. असली तर जरा इचारून घे. चार दिस ऱ्हायचं म्हटलं तर पान्याची सोय बघाय नको?"

दादा, आई गेल्यापासून हा माणूस सांगलीच्या बाहेर एक रात्र राहिलेला नाही. मी विचारलं, "आप्पा, जाताय?" तर म्हणाले, "आदी हीर तर बघू दे."

तर आता तुझ्या घरापासून जवळात जवळ विहीर कुठं आहे ते बघ. बस्तीची असो, मळ्याची असो, मालकाला विचारून ठेव. वहिनींना सांग. आणि ती किती खोल आहे ते लगेच कळव. आप्पांना दोर कापायचाय.

श्रद्धा